जगलेल्या बैलाचा हिशेब

जनावरांच्या साथीचा हिशेब सरकारी दप्तरात मृत्यूपासून सुरू होतो. किती जनावरे दगावली, त्यांत दुधाळ किती, ओढकामाची किती, वासरे किती, पंचनामा झाला की नाही, रक्कम खात्यावर जमा झाली की नाही, एवढे रकाने भरले म्हणजे साथ आटोपली असे मानण्याचा प्रघात आहे. २०२२ साली महाराष्ट्रभर पसरलेल्या लंपी त्वचारोगाचा हिशेबही याच पद्धतीने मांडला गेला. दुधाळ जनावर दगावल्यास तीस हजार रुपये, ओढकामाचे दगावल्यास पंचवीस हजार आणि वासरू दगावल्यास सोळा हजार असे साहाय्य राज्य शासनाने त्या वर्षी जाहीर केले. ते तातडीने जाहीर झाले, याचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. परंतु शेतीची निम्मी मदार आजही बैलाच्या खांद्यावर असलेल्या वर्धा जिल्ह्यासारख्या भागात या रोगाने जे नुकसान केले, त्याचा फार मोठा भाग या रकान्यांच्या बाहेर राहिला. कारण हा रोग मारतो त्यापेक्षा कितीतरी अधिक जनावरांना जिवंत ठेवून निकामी करतो. शंभर जनावरे आजारी पडली तर त्यांतील नव्वदांहून अधिक बहुतेक ठिकाणी जगतात. दप्तराला त्यांच्याशी कर्तव्य नसते. शेतकऱ्याला मात्र असते.

हा रोग मुळात या देशाचा नव्हे. १९२९ साली आफ्रिकेत, आज झांबिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, त्याची प्रथम नोंद झाली. पुढील कित्येक दशके तो आफ्रिका खंडातच फिरत राहिला. १९८८ साली तो इजिप्तमध्ये पोहोचला, त्याच्या पुढच्या वर्षी इस्रायलमध्ये आढळला, २०१३ साली त्याने तुर्कस्तान गाठले आणि २०१५ साली ग्रीसच्या वाटेने युरोपात पाऊल ठेवले. भारताच्या पूर्व सीमेवर तो २०१९ साली आला. त्या वर्षी बांगलादेशात साथ उसळली आणि ऑगस्ट महिन्यात ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात तिची भारतातील पहिली नोंद झाली. २०२० साली गडचिरोलीच्या बाजूने तो विदर्भात शिरला. माणसांच्या साथीने सारे जग टाळेबंदीत असताना गुरांच्या अंगावर उठलेल्या गाठींकडे पाहण्यास फारशी कोणाला सवड नव्हती, आणि त्या वर्षी मृत्यूही थोडेच झाले. शासकीय यंत्रणेने हा सौम्य रोग आहे असा समज करून घेतला असल्यास ते समजण्यासारखे आहे. परंतु दोनच वर्षांनी तोच रोग गुजरात व राजस्थानमधून भयानक रूप घेऊन परतला. ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे राज्यातील त्या साथीचे पहिले जनावर आढळले आणि वर्ष संपण्यापूर्वी महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व जिल्ह्यांत तो पसरला होता. देशभरात त्या एका वर्षात दीड लाखांहून अधिक गोवंश दगावला.

रोगाची मूळ ओळख वाचकांना करून देणे आवश्यक आहे, कारण त्याच्याविषयी गावोगाव आणि शहरांतूनही नाना प्रवाद उठले. हा विषाणू मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा सख्खा भाऊ आहे. तो माणसाला होत नाही. आजारी गाईच्या दुधातून माणसाला रोग होतो, अशी आवई २०२२ साली उठली आणि काही ठिकाणी दूध ओतून देण्यापर्यंत मजल गेली. तिला कसलाही आधार नव्हता. म्हशींनाही तो क्वचितच होतो. गाई-बैलांना मात्र प्रथम ताप भरतो, नाका-डोळ्यांतून पाणी गळते, लसिका ग्रंथी सुजतात आणि मग मान, पाठ, पाय, कास अशा सर्वांगावर दोन ते पाच सेंटिमीटर आकाराच्या कठीण गाठी उठतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. या मधल्या दिवसांत जनावर वरकरणी धडधाकट असते, बाजारात विकले जाते, टेम्पोतून दुसऱ्या तालुक्यात जाते.

रोग पसरतो तो मुख्यतः चावणाऱ्या कीटकांमुळे. गोठ्यातील चावरी माशी, डास, गोचीड ही त्याची वाहने होत. माशी एका जनावराचे रक्त पिता पिता हुसकली गेली की लगेच शेजारच्या जनावरावर बसते, आणि तिच्या सोंडेला चिकटलेला विषाणू तिथे पोचतो. तिची पैदास शेण, मूत्र आणि कुजलेला चारा एकत्र झालेल्या ओल्या थरात होते. वर्धा जिल्ह्यातील पावसाळी गावाचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर अधिक सांगण्याची गरज राहत नाही. घराला लागून कोठा, कोठ्याच्या पाठीशी उकिरडा, उकिरड्याखाली साचलेले पाणी. पहाटे सर्व गावची गुरे आखरावर गोळा होतात आणि तेथून गुराख्याच्या मागे एकत्र चरावयास जातात. अशा गावात आजारी जनावर वेगळे बांधा, हा सल्ला कागदावर बिनतोड असला तरी ज्याच्याकडे एकच छप्पर आणि एकच दावण आहे त्याने ते कोठे बांधावे, हे सल्ला देणारा सांगत नाही. छप्पर वेगळे केले तरी माशीला दार बंद करता येत नाही.

आता बैलाकडे वळू. वर्धा हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. पेरणीनंतर महिनाभराने या पिकांत डवरणीला सुरुवात होते. पाऊस उघडला, जमिनीला वाफसा आला की दोन-चार दिवसांच्या आत डवरा फिरला पाहिजे. नाही तर पुन्हा पाऊस येतो आणि तण पिकाच्या डोक्यावरून जाते. उभ्या पिकाच्या दोन तासांमधून चालताना रोप न तुडवणारा बैल हा शिकवून तयार केलेला कामगार असतो. आता ट्रॅक्टर आले आहेत, हे खरे. नांगरणी त्यांनी बहुतांशी आपल्याकडे घेतली, पेरणीही घेत आहेत, आणि बैलांची संख्या दर पशुगणनेत घटते आहे. पण तीन-चार एकरांच्या तुकड्यात, काळ्या चिखलात आणि कमरेला लागणाऱ्या कपाशीत अजूनही बैलजोडीच चालते. जोडीची किंमत लाखाच्या घरात गेल्यामुळे अनेक लहान शेतकरी एकच बैल पाळतात आणि शेजाऱ्याच्या एका बैलाबरोबर सावड करतात. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या.

लंपीच्या साथीचा जोर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. म्हणजे ज्या महिन्यांत बैलाला एक दिवसाचीही सुट्टी देणे परवडत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत हा रोग येतो. बैलाच्या पायांवर व पोळीवर सूज चढते, तो लंगडू लागतो. मानेवर आणि वशिंडाजवळ आलेल्या गाठी काही आठवड्यांनी गळून पडतात आणि तेथे खोल जखमा राहतात. पावसात त्यांत अळ्या पडतात. जेथे जू टेकायचे तीच जागा उघडी पडलेली. ताप उतरला, बैल चारा खाऊ लागला, दवाखान्याच्या नोंदवहीत ‘बरा झाला’ असा शेरा पडला, तरी त्याच्या खांद्यावर जू ठेवता येत नाही. पूर्ववत होण्यास दोन महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. तोपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. सावड करणाऱ्यांच्या बाबतीत एक बैल बसला म्हणजे दोन शेतांची डवरणी बसते, कारण उरलेल्या बैलाला जोडीदार नाही. आणि साथीच्या भीतीने तिसरा शेतकरी आपला बैल द्यावयास तयार होत नाही. मग भाड्याची जोडी पाहावी, मजूर लावून निंदण करावे किंवा तणनाशक फवारावे. या तिन्हींसाठी पैसे रोख लागतात आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे वर्षातील सर्वांत टंचाईचे महिने.

हे नुकसान कोणत्याही तक्त्यात नाही. बैल मेला असता तर पंचवीस हजार मिळाले असते. तो जगला म्हणून काहीच मिळाले नाही. साऱ्या धोरणाची ही एक विचित्र परिणती आहे. दुधाच्या बाबतीत निदान डेअरीच्या पावतीवर लिटर उतरलेले दिसतात. गाय गाभडली, पुन्हा माजावर येईना, तर त्याचाही अंदाज करता येतो. बैलाचे श्रम मात्र कोणी मापलेच नाहीत. पशुसंवर्धनाचा सारा विचार गेल्या पन्नास वर्षांत दुधाभोवती फिरत राहिला, आणि तो पश्चिम महाराष्ट्राच्या सहकारी दूध संघांच्या प्रदेशात जन्मला असल्याने तसे होणे स्वाभाविकही होते. कोरडवाहू विदर्भाला तो जसाच्या तसा लावला की काय होते, याचा अनुभव २००६ नंतर आला. पंतप्रधानांच्या त्या वर्षीच्या पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे वर्ध्यातही, अधिक दूध देणाऱ्या गाई अनुदानावर देण्याची योजना होती. चारा नाही, पाणी नाही, दूध गोळा करणारी व्यवस्था नाही, अशा गावांत त्या गाई शेतकऱ्यांना ओझे झाल्या आणि पुष्कळांनी त्या विकून टाकल्या. शिवाय विदेशी रक्ताच्या संकरित गाई लंपीला देशी जनावरांपेक्षा लवकर बळी पडतात, असा सर्वत्र अनुभव आहे. देशी जनावर या रोगापासून मुक्त आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. राजस्थानात मेलेल्या हजारो गाई देशीच होत्या.

देशी जनावराविषयी बोलायचे तर वर्धा जिल्ह्याला स्वतःचा गोवंश आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातील गवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला पांढराशुभ्र, सडपातळ, चपळ गवळाऊ. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांचे सामान जलद वाहून नेण्यासाठी या बैलांचा उपयोग होत असे, असे सांगितले जाते. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे या वंशाच्या जतनासाठी शासकीय पैदास केंद्र आहे. ज्या वंशाची शुद्ध जनावरे आधीच थोडी उरली आहेत, त्याच्या बाबतीत साथीत गेलेला प्रत्येक वळू आणि काही काळ वांझ राहिलेली प्रत्येक गाय यांचे मोल बाजारभावाने ठरत नाही. या रोगात वळूंचे वीर्य काही काळ, क्वचित कायमचे, निकामी होते. पंचवीस हजारांच्या तक्त्याला हेही ठाऊक नाही.

वर्ध्याच्या संदर्भात ही उपेक्षा अधिकच बोचते, कारण गाईचा विचार भावनेच्या पलीकडे नेऊन शास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या पायावर मांडण्याचा प्रयत्न या देशात जेथे झाला, ते हेच गाव. १९४१ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यात गोसेवा संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी त्याची धुरा घेतली. मोठा व्यापार सांभाळलेला हा गृहस्थ आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत गोपुरीच्या साध्या झोपडीत राहून जनावरांच्या चाऱ्याचा, पैदाशीचा आणि दुधाचा हिशेब करीत बसला होता. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वर्ध्यात गोसेवेविषयी परिषद भरली आणि ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. गवळाऊ वंशाची सुधारणा हा त्या कार्याचाच भाग होता. शेजारच्या नालवाडीत मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालत असे. मेलेल्या गाईचेही मोल राखले तरच जिवंत गाय जगेल, हा त्यामागचा विचार. लंपीने तेही मोल हिरावून घेतले. गाठींनी कातडे चाळणीसारखे होते, आणि मेलेले जनावर चुना टाकून खोल पुरावे लागते. पुढे १९७९ साली विनोबांनी गोवधबंदीसाठी पवनारला उपोषण केले. २०१५ साली महाराष्ट्रात बैलांसह सर्व गोवंशाच्या हत्येवर बंदी आली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असे संबोधन दिले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन पन्नास रुपये अनुदान ठरवले. या निर्णयांचे समर्थन करणारे आहेत आणि विरोध करणारेही आहेत. तो वाद येथे काढण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणता येईल की गाईच्या सन्मानाचा निर्णय एका दिवसात घेता येतो, आणि गाईला लस टोचण्यासाठी दर उन्हाळ्यात प्रत्येक गावात माणूस पाठवावा लागतो. यांतील दुसरे काम गोसेवा संघाच्या परंपरेला अधिक जवळचे आहे.

लसीचा इतिहास मोठा रंजक आहे. माणसाला देवीपासून वाचवणारी लस अठराव्या शतकाच्या अखेरीस जेन्नरला गाईच्या आचळावरील फोडांत सापडली. ‘व्हॅक्सिन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील गाय आहे. आज गाईला वाचवण्यासाठी शेळीच्या देवीची लस वापरावी लागते आहे. दोन्ही विषाणू नात्यातले असल्याने ती बऱ्याच अंशी संरक्षण देते, पूर्णांशाने नाही. लंपीच्या मूळ विषाणूपासून लस करण्याचे काम हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘लंपी-प्रोव्हॅक’ ही लस जाहीर झाली. तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव उत्पादने संस्थेकडे देण्याचा करार त्याच वर्षी डिसेंबरात झाला. पुण्याशी या विषयाचे नाते जुने आहे. भारतातील पशुरोग संशोधनाची पहिली प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची इज्जतनगरची संस्था तिच्यातूनच वाढली. २०२५ साली एका खाजगी कंपनीच्या अशाच लसीलाही परवाना मिळाला. म्हणजे लस नाही, ही सबब आता राहिलेली नाही.

राहिला तो वेळेचा प्रश्न, आणि सारे मर्म तेथेच आहे. २०२२ साली राज्यातील सुमारे एक कोटी चाळीस लाख गोवंशाला लस देण्याचे काम काही महिन्यांत पार पाडले गेले. पशुवैद्यक, पर्यवेक्षक, पशुवैद्यक महाविद्यालयांचे विद्यार्थी, खाजगी लसटोचक असे सारेच त्यात राबले आणि त्यांच्या श्रमांना तोड नाही. परंतु ही लसीकरण मोहीम साथीच्या मागून धावत होती. चिनावलला पहिले जनावर आढळले ते ४ ऑगस्टला. पोळा होता २६ ऑगस्टला. जनावरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक यांवर राज्यभर निर्बंध आले ते सप्टेंबरात. ज्या दिवशी गावातील सारे बैल सजून एका तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तो दिवस आधी उलटून गेला आणि आदेश मागाहून आला. पुढच्या वर्षी साथ पुन्हा डोके वर काढीत असताना अनेक जिल्ह्यांत पोळा घरच्या घरी साजरा करण्याचे आवाहन झाले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या सिंदी रेल्वेच्या मुलांना कोणत्याही विषाणूची भीती नव्हती. त्यांच्या वडिलांच्या जित्या बैलांना मात्र दाराशीच ओवाळून घ्यावे लागले.

लस टोचल्यानंतर जनावरात प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. साथ सुरू झाल्यावर टोचलेल्या लसीचा उपयोग त्यामुळे निम्म्याने कमी होतो, आणि लागण झालेल्या कळपात टोचल्यावर दोन दिवसांनी गाठ उठली की लसीनेच रोग आला असा समज पसरतो. पुढच्या वर्षी त्या गावात लसटोचकाला पाहताच गुरे सोडून दिली जातात. याउलट मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतो. त्याच्या महिनाभर आधी, म्हणजे एप्रिल अखेरपर्यंत, जिल्ह्यातील आठही तालुक्यांत फेरी पूर्ण झाली तर बैल पेरणीला संरक्षण घेऊनच उतरेल. हे बोलायला सोपे आहे. विदर्भात उन्हाळ्यात गुरे मोकाट सोडण्याची चाल आहे, आणि वर्ध्याचे ऊन लसीची पेटी तासाभरात तापवते. म्हणून हे काम पहाटे पाणवठ्यावरच करावे लागेल, आणि पेटी बर्फाची लागेल. त्याच दिवसांत घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत यांच्याही लसी द्यावयाच्या असतात. माणूस तोच, सिरिंज त्याच, मोटारसायकलही तीच. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या आपल्या अहवालात साधारण पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, असे प्रमाण सांगितले होते. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतील रिकाम्या खुर्च्या पाहिल्यावर त्या प्रमाणाची आठवण करून देणेही क्रूरपणाचे वाटते. एका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे दोन-तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार, ही आता अपवादात्मक स्थिती उरलेली नाही.

लसीने साथ रोखता येते काय, अशी शंका २०२३ मध्ये लस घेतलेली काही जनावरेही आजारी पडल्यावर घेतली गेली. तिचे उत्तर युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. २०१६ साली ग्रीस, बल्गेरिया, सर्बिया, अल्बानिया आदी देशांत हा रोग वणव्यासारखा पसरला. त्या देशांनी एकमेकांशी जुळवून घेऊन जवळजवळ सर्व गोवंशाला मूळ विषाणूचीच लस टोचली आणि दोन-तीन वर्षांत साथ निवाली. २०२५ साली तो रोग इटली आणि फ्रान्समध्ये अवतरला. फ्रान्सने लसीबरोबरच लागण झालेला सारा कळप मारून टाकण्याचा मार्ग पत्करला, त्यावरून तेथील शेतकरी रस्त्यावर आले. तो मार्ग भारतात कायद्यानेही मोकळा नाही आणि मनानेही नाही. ज्या देशाला आजारी कळप मारता येत नाही, त्याला निरोगी कळपाला वेळेवर लस टोचण्यावाचून दुसरा उपायच नाही. आणि हे या देशाला अशक्यही नाही. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे जनावरांविना केली होती. १९५४ पासून नेटाने चाललेल्या लसीकरणाने तिचा शेवटचा रुग्ण १९९५ साली दिसला, २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. त्या कामाला चाळीस वर्षे लागली. माशीच्या सोंडेवरून येणाऱ्या रोगाला तितके लागणार नाहीत असे म्हणता येत नाही.

शेवटी पुन्हा त्या नव्वद जनावरांकडे यावे लागते. आज महाराष्ट्रातील जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची विक्री व वाहतूक करता येणार नाही, असा नियम राज्याने केला. त्या क्रमांकावर जनावराचा मालक, वय, वंश आणि टोचलेल्या लसी यांची संगणकात नोंद होते. म्हणजे प्रत्येक बैलाचे खाते उघडलेले आहेच. त्या खात्यात दोनच तारखा अधिक लिहिल्या पाहिजेत: बैल आजारी पडला ती, आणि तो पुन्हा जुवाखाली उभा राहिला ती. या दोन तारखांमध्ये जे दिवस पडतील, त्यांतील खरिपाचे दिवस मोजून दर दिवसाला भाड्याच्या जोडीच्या निम्मा दर धरला तरी साहाय्याची रक्कम ठरवता येते. पंचनाम्यासाठी मृतदेहाची वाट पाहावी लागत नाही. गावातील पशुसखी किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी जखमेचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढू शकतो. लबाडी होईल, ही शंका येणारच. ती मृत जनावरांच्या पंचनाम्यातही येते, म्हणून कोणी ते पंचनामे थांबवलेले नाहीत. सारा महाराष्ट्र एकदम हाती घेण्याचेही कारण नाही. आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यात एका हंगामापुरते हे करून पाहता येईल, आणि त्यासाठी लागणारी आजारापूर्वीची नोंद उन्हाळ्यातील लसीकरणाच्या फेरीतच, पाणवठ्यावर बैल धरलेला असतानाच, घेता येईल.